टिलीच्या पाठीमागं

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे घडलंय, आणि भर दुपारी घडलंय.

यॉर्कशरमधलं डोंगरकुशीतलं एक गाव. नोव्हेंबर महिना, दुपारीच दिवे लावावेत असा उजेड. तिथं लोकरीच्या जुन्या गिरणीत आता नृत्याचं महाविद्यालय भरतं. रॉझ थ्वेट तिथं पदवीच्या मुलांना समकालीन नृत्य शिकवते.

शिकवते म्हणजे काय, तर पडायला शिकवते.

उड्या मुलांना येतातच. पडणं येत नाही. पान देठ सोडतं तसं अंग सोडायचं, मागच्याच्या हाती. मागचा आधी पाठीवर तळवा टेकवतो. मग उचलतो. उचलला की समजायचं, 'मी आहे, ये.' वळून बघायचं नाही. विचारायचं नाही.

टिलीला तेवढंच जमत नव्हतं.

गेल्या वर्षी जोडीदाराच्या हातून ती निसटली होती. मनगट मोडलं. तेव्हापासून पाठीवरचा तळवा उठला की तिचा पाय आपसूक मागं जायचा. रॉझनं समजावलं, चुचकारलं, ओरडूनही झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

आज तिची फेरपरीक्षा होती. आज जमलं नाही, तर टिलीला कॉलेज सोडावं लागणार होतं.

"टिली, आज पडतेस, की आम्ही डबे उघडू?" भिंतीशी बसलेला कॅलम म्हणाला.

"गप रे! परवा तूच बटाट्याच्या पोत्यासारखा आदळलास."

"पोतं निदान पडतं तरी!"

सगळे हसले. रॉझ हसली नाही. ती टिलीच्या मागं उभी राहिली, खांद्यांच्या मधोमध तळवा टेकवला. पाठ कसली, फळीच ती.

"श्वास सोड, टिली."

"सोडतेय गं."

"सोडत नाहीयेस. कोंडून धरलायस."

इतक्यात दार उघडलं. विभागप्रमुख ग्रॅहम.

"रॉझ, खोली कधी रिकामी करतेस? पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडायच्यात."

"परीक्षा चाललीये, ग्रॅहम."

"हो, पण खुर्च्या…"

रॉझचं डोकं फिरलं. ती तरातरा दाराशी गेली.

"पडायला शिकवायचं तर मला जमीन लागते! तीही खुर्च्यांना द्यायला निघालास?"

बोलता बोलता तिच्या काळजात चर्र झालं.

तिनं पाठीवरचा तळवा उचलला होता…

आणि 'थांब' म्हणायचं राहून गेलं होतं.

ती गर्रकन वळली.

हीटरची टिकटिक… थांबलेली.

मुलांचं हसणं… थांबलेलं.

टिली पडत होती.

डोळे मिटलेले. अंग ओल्या लोकरीसारखं सैल. जिथून कुणाचाच तोल सावरत नाही, तिथवर ती कलली…

आणि तिथंच थांबली. अधांतरी.

मागं कुणी नव्हतं.

मग झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं, तशी ती हळूहळू खाली आली. आधी कंबर. मग पाठ. मग डोकं. डोकं टेकलं, तेव्हा कपाळावरचे केस… आपोआप बाजूला झाले.

कुठंतरी एक अनवाणी पाऊल मागं सरकलं…

"वा! जमलं की!" ग्रॅहमनं टाळ्या वाजवल्या. "उगाच चिडतेस. आता आणू खुर्च्या?"

कॅलमचा चेहरा पांढराफटक पडला होता. "रॉझ… तू तर दाराशी होतीस."

टिली तशीच पडून हसत होती.

"हात किती गार गं तुझे, रॉझ!"

रॉझनं तिला पास केलं. दुसरं काय करणार? इतकं निर्भर पडणं तिनं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. वर्षभर घसा फोडून तिला जे शिकवता आलं नाही, ते कुणीतरी एका श्वासात शिकवलं होतं.

सोमवारी ती पुन्हा टिलीच्या मागं उभी राहिली. तळवा टेकवला.

पाठ ताठ. जशीच्या तशी.

"आता काय झालं गं? आता तर येतं ना तुला?"

"येतं की." टिली लाजल्यासारखी हसली. वळली मात्र नाही. "पण रॉझ, तू जरा बाजूला हो ना."

"का?"

"तू मधे उभी राहिलीस की… त्यांना जागा होत नाही."

रॉझला कळलं. तरी ती हलली नाही. आपली पोर न दिसणाऱ्या हाती कशी सोपवायची?

तेव्हापासून रोज हेच. रॉझ मागं उभी राहते, टिली ताठ होते. रॉझ चिडते. टिली चिडत नाही. ती नुसती वाट बघते… रॉझ बाजूला होण्याची.

अजून तरी ती झालेली नाही.