चौथा मोड

सांगलीच्या मार्केट यार्डापाशी हळदीच्या पोत्यांचा ट्रक आडवा आला, मी ब्रेक दाबला… आणि समोर पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा. त्याच वेळी मागच्या सीटवर माझी लेक ओवी खोकली. मी आधी मागे वळून पाहिलं, मग दिव्याकडे.

"आवं ताई, घाबरू नगा! हिकडं बाजूला घ्या."

गॅरेजच्या दारातून एकजण जरा लंगडत आला. विश्वजीत, कुंडलचा. फौजेत गाड्या दुरुस्त करायचा, पायावर जॅक घसरला आणि घरी आला. हे सगळं त्याने बॉनेट उघडायच्या आत ओवीला सांगून टाकलं. मला नाही.

गाडी माझ्या नवऱ्याची, सुमंतची, परदेशातून आलेली. सुमंत आता नाही. सांगलीत माझी आई आजारी, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी साताऱ्याहून मी ती चालवत येते.

"नशीब तुमचं," तो म्हणाला. "अशा गाडीची नाडी बघायचं यंत्र कालच पुण्यास्नं आलंय. स्कॅनर."

हातात मावेल एवढं, हिरव्या पडद्याचं. त्याने त्याची तार स्टिअरिंगखाली जोडली आणि एक इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"कॉलेज केलेल्या दिसताय. वाचा की जरा. आमचं इंग्रजी परेडपुरतं."

मी वाचू लागले. "पहिला मोड — गाडी आत्ता कशी आहे. किती तापली, किती हवा घेते… दुसरा — दिवा लागला त्या क्षणी सगळं कसं होतं, ते गोठवून ठेवलेलं. तिसरा — पक्क्या झालेल्या बिघाडाचा नंबर. सातवा… शंका आहे, पण अजून पक्कं नाही, असं काहीतरी."

"ह्यो सातवा लय बरा," तो हसून म्हणाला. "वाटतंय, पन पक्कं न्हाई."

मी मान पुस्तकातच ठेवली. कान मात्र गरम झाले.

"आणि चौथा—"

माझं वाक्य संपायच्या आत त्याने चौथा दाबलाही, आणि पडद्यावर प्रश्न आला, 'क्लिअर?' त्याने खाडकन 'येस' दाबलं. दिवा विझला.

"अहो, काय केलंत!"

"त्यानं इचारलं, क्लिअर? फौजेत सायबानं क्लिअर इचारलं की येसच म्हणायचं असतंय."

"समजलं का, असं नव्हतं विचारत ते! पुसून टाकू का, असं विचारत होतं!"

नंबर गेला. गोठवलेला क्षण गेला. बिघाड तेवढा राहिला. त्याचं तोंड इतकं पडलं की मला हसू फुटलं… आणि माझ्याच आवाजाने मी दचकले. ओवीही वळून बघत राहिली. आई अशी हसते हे तिला माहीतच नव्हतं.

"दिवा परत लागला की या," तो म्हणाला. "तवा आधी वाचू."

साताऱ्याला परतल्यावर मी दिव्याची वाट बघू लागले. गाडी बिघडावी म्हणून देवापुढे उभी राहणारी बाई… लाज वाटायची.

दिवा लागला. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा त्याने ओवीला जुन्या बेअरिंगचा भोवरा दिला आणि मला नुसतंच "आवं" म्हणाला. 'ताई' कुठेतरी गळून पडलं होतं. त्या दिवशी स्कॅनर त्याने माझ्याकडे पाठ करून धरला. "परत पुसलं बगा चुकून," म्हणाला, आणि डोळे वर केले नाहीत.

मी घरी काही बोलले नव्हते. ओवी बोलली. भोवऱ्याविषयी, काकांविषयी, आई हसली त्याविषयी. सासरे — आप्पा — ऐकत होते. दुसऱ्या दिवशी चहा घेताना ते शांतपणे म्हणाले, "ऋचा, तू तरुण आहेस. कुणाचा हात धरलास तर मी आडवा येणार नाही. पण ओवीला नेऊ नकोस. तिच्याशिवाय या घरात आता आवाज तरी कुणाचा आहे?"

रागावून म्हणाले असते तर भांडले असते. ते बोलता बोलता ओवीसाठी बशीतलं दूध निववत होते.

दिवा तिसऱ्यांदा लागला तेव्हा मी ओवीला घेऊन सांगलीला गेले, ती सगळं सांगायचं ठरवूनच.

"खरं सांगू?" विश्वजीत हात पुसत म्हणाला. "पयल्यांदा चुकून पुसलं. दुसऱ्यांदा… मुद्दाम. नंबर वाचला हुता मी. तापमान सांगणाऱ्या तारेचा सांधा सैल हाय. बांधला असता तर तुमी आला नसता."

"त्या गाडीत माझी मुलगी बसते!" माझा आवाज चिरकला.

"धोका न्हाई, हे बघूनच… पेट्रोल जादा खातीय, एवढंच. तरी बी चूकच ती. आज बांधतो. खोट्या दिव्यावर तुमाला बोलवायचं न्हाई आता." त्याने श्वास घेतला. "खरंच बोलावतो. याल? दोघी?"

बाहेर भुरभुर पाऊस सुरू झाला होता. पत्र्यावर त्याचा बारीक आवाज. मी आप्पांचं सगळं सांगितलं. दुधाच्या त्या बशीसकट.

त्याने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाला, "तिला सोडून तुमी येणार न्हाई."

"नाही."

"आन त्या म्हाताऱ्यापास्नं तिला तोडून…"

"तेही नाही जमणार मला."

"व्हय," तो म्हणाला. "जमलं असतं तर तुमी तुमी नसता."

एकदा वाटलं, त्याने भांडावं. हट्ट धरावा. पण तो बॉनेटखाली वाकला. तारेचा सांधा त्याने इतका जपून घट्ट केला… ती बोटं मी बघत राहिले. तेवढंच बघायचं माझ्या वाट्याला होतं. काम झाल्यावर त्याने ओवीच्या खिडकीची काच वर केली, तिला वारा लागू नये म्हणून, आणि माझ्याकडे न बघता आत गेला.

कराडच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस ओला, गप्प.

"आई, गाडी बरी झाली?"

"झाली."

"मग आता काकांकडे कधी जायचं?"

"गाडी आजारी पडली की."

ओवीने जरा विचार केला. "मग पडू दे ना गं… लवकर."

मी वायपर लावले. काच स्वच्छ झाली, तरी पुढचं काही दिसेना.