दिवा लागल्यावरचं मीठ

हातात रिकामी वाटी, केस विस्कटलेले, गालाला संत्र्याचा रस... अशा अवतारात मी समोरच्या लक्ष्मीआत्यांची बेल वाजवली आणि दार उघडलं एका अनोळखी, उंच मुलानं. कर्म माझं!

"जाडं मीठ आहे का? वाटीभर?"

तो हसला नाही. नुसते डोळे हसले — ते जास्त वाईट.

तेवढ्यात आतून आत्या ओरडल्या, "निकेत, दिवा लागलाय हां! आता मीठ घराभायेर द्यायचं न्हाय. बरकत जाते!"

मी ओशाळून वळले. घरी ओट्यावर माझी फजिती पसरलेली होती. माझी रूममेट स्वप्नाली लग्न करून गेली, ती टकीलाची न उघडलेली बाटली मागे ठेवून. त्या शुक्रवारी मला लहर आली. लिंबू पिळलं, संत्रं पिळलं, बर्फ काढला. ग्लासच्या कडेला मीठ लावायचं म्हणून रोजचं बारीक मीठ लावलं, तर त्याचा नुसता चिखल झाला.

"अहो, थांबा," मागून आवाज आला. "मीठ द्यायचं नाही ना? देत नाही. मी बरणी घेऊन येतो, काम झालं की परत नेतो."

आत्या आतूनच म्हणाल्या, "जा. पन दार उघडं ठेवा."

अशी बरणी माझ्या स्वयंपाकघरात आली, आणि बरणीसोबत हा, आत्यांचा भाचा.

"काय बनवताय?"

"सरबत."

त्यानं बाटलीकडे पाहिलं. "बरंच लांबचं दिसतंय सरबत."

मी बरणीचं झाकण उघडलं. मीठ असं असतं? चौकोनी, काचेसारखे खडे, आणि प्रत्येकाच्या पोटात इवल्या इवल्या पायऱ्या! मी एक खडा दिव्यासमोर धरला, मग दुसरा, मग तिसरा.

"कोणी कोरलं हे?"

"उन्हानं," तो म्हणाला. मग मला खिडकीशी नेलं. उजेड पुरता गेला नव्हता. इमारतींच्या फटीतून दूर खाडीकडे पाण्याचे चौकोन चमकत होते. "मिठागरं. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं आणि वाट बघायची. बाबांनी तीस वर्षं वाट बघितली. अजून तळपायाला भेगा आहेत त्यांच्या."

चार वर्षं ती खिडकी माझी होती. मला वाटायचं, पाणी तुंबलंय! मला माझीच लाज वाटली.

त्यानं वाटीच्या बुडानं खडे भरडले. मी लिंबाची फोड ग्लासच्या कडेला फक्त बाहेरून फिरवली आणि ग्लास मिठात हलकेच लोळवला. टकीला, लिंबू, संत्रं, चमचाभर मध आणि बर्फ, सगळं डब्याबरोबरच्या स्टीलच्या बाटलीत घालून हात बधिर होईपर्यंत हलवलं आणि चहाच्या गाळणीतून ओतलं. संध्याकाळच्या उन्हाचा रंग आला त्याला.

पहिला घोट. आधी खारट... मग आंबट झणका... मग संत्र्याचा गोडवा, आणि शेवटी घशातून उतरणारी ऊब.

"आईशप्पथ!" मी म्हणाले.

त्यानं ग्लास उजेडात धरला. "बाबांनी डोक्यावरून वाहिलेलं मीठ कुठे येऊन बसलंय बघा."

मी हात पुढे केला. "दोन खडे द्या ना. ठेवते जपून."

त्यानं बरणी ओट्यावर ठेवली. "तुम्हीच घ्या. हातात मीठ दिलं की भांडणं होतात."

"खरं मानता तुम्ही?"

"नाही. पण तुमच्याबाबतीत रिस्क कशाला घ्या?"

त्यानंतर तो दर शुक्रवारी आत्याकडे यायचा. बोरिवलीच्या लॅबमध्ये पाणी तपासून दमलेला, तरी दिवा लागला की बरणी घेऊन माझ्या दारात हजर. कधी टकीला, कधी नुसतं लिंबू-सोडा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. खाली किराणावाल्याकडे जाडं मीठ मिळत होतं, पण मी एकदाही आणलं नाही. का, ते सांगायला हवं का?

आणि मग प्रमोशन आलं — हैदराबादचं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मला जायचं होतं, खरंच जायचं होतं. पण तो माझा कोण, हे विचारल्याशिवाय पाय निघेना.

शुक्रवारी मी सांगितलं. तो मीठ भरडत राहिला.

"छान. जा की."

"बस्स? एवढंच?"

"मग काय, नको जाऊ म्हणू? तसं म्हणणारा मी कोण, निशिगंधा?"

"तेच विचारतेय ना मी, शहाण्या!" माझा आवाज चिरकला. डोळे भरून आले, त्याचाही राग आला.

त्याचा हात थांबला. त्यानं बरणीत हात घातला, मूठभर खडे काढले, माझा तळवा उघडला आणि सगळे त्यात ओतले. मग माझी मूठ मिटली, आपल्या दोन्ही हातांत धरून.

"निकेत... भांडणं होतील."

"होऊ देत. हैदराबादहून फोनवर भांड, सुट्टीला येऊन भांड. म्हातारपणी तर रोज भांड. परक्याशी कोण भांडतं गं? मला तू आवडतेस. पहिल्या वाटीपासून."

मला हसू आलं आणि रडूही. "मलाही... बरणीपासून."

उघड्या दारातून आत्यांची हाक आली, "निकेत! दिवा लागलाय, मीठ घेऊन ये परत!"

"आत्या, मीठ... देऊन टाकलं."

मग चपला फरफटत आत्या दारात आल्या, माझी मिटलेली मूठ पाहिली, त्यावरचे त्याचे हात पाहिले.

"घराभायेर दिलंस?" त्या म्हणाल्या. "मग आता पोरीलाच घरात आन. म्हंजे मीठ घरातच ऱ्हाईल."

मी हैदराबादला गेले. महिन्यातून एकदा निकेत मीठ घेऊन येतो, आणि दारातच माझ्या हातावर ठेवतो. भांडणं? ते विचारूच नका!