भुंगीची गुणगुण

आम्ही लेकीला कानाच्या डॉक्टरांना दाखवून परत येत होतो, एवढंच. कुणी विचारलं तर मी इथूनच सांगायला लागते, कारण इथपर्यंत सगळं साधं होतं.

आत्ता वीज गेली आहे. ती जायची मी वाट बघत असते, त्याचं कारण पुढे कळेल. कंदील जवळ घेतलाय, ही आत झोपली आहे. तोवर सांगून टाकते.

लेक अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. फक्त गुणगुणायची. बारीक, नाकातून निघणारा आवाज. आधी वर चढायचा, मग ती दम घ्यायची, मग तोच आवाज हळूच खाली उतरायचा. भूक लागली की जोरात, झोप आली की माझ्या वेणीचं टोक मुठीत धरून अगदी सावकाश. सासूबाईंनी तिचं नाव भुंगी पाडलं. लाडानं पाडलं की मला टोचायला, ते मी कधी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मशीन लावून तपासलं. कान उत्तम आहेत म्हणाल्या, हिला सगळं ऐकू येतं, वाट बघा. मी म्हटलं, आणि नाहीच बोलली तर? त्या हात पुसत म्हणाल्या, तुम्ही तिच्याशी बोलत राहा.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "झालं समाधान? दिवस गेला फुकट."

मी म्हटलं, ती मला आई म्हणत नाही हो. एकदा तरी.

"म्हणेल की. घाई काय आहे? घरात बोलायला तू आहेस तेवढी पुरे आहेस."

हा यांचा विनोद. मी काचेबाहेर बघत बसले.

आमच्या यांचं पाण्याच्या जळलेल्या मोटारी आणि पंखे नव्यानं तार गुंडाळून बांधून देण्याचं दुकान आहे. घरात तांब्याच्या तारेला कधी तोटा नाही. त्याच तारांतून यांना रेडिओचा नाद लागला. ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचा. परीक्षा देऊन परवाना काढलेली माणसं हवेतून एकमेकांशी बोलतात, कुठल्या कुठे बसून. प्रत्येकाला परवान्याचं नाव असतं, दोन-चार अक्षरं आणि एक आकडा. कुणी लांब बसलेला माणूस खोकत असला तर यांना ठाऊक असायचं. माझा ताप मात्र यांना सासूबाईंकडून कळायचा.

प्रवासाला निघालं की गाडीत कपड्यांच्या आधी एक लांबोडकी पिशवी जायची. तिच्यात एकात एक बसणारी घडीची काठी, मासे धरायची असते तशी. ती उलगडायची, तिला वरपासून खालपर्यंत तार लावायची, खाली गवतावर आणखी तारा पसरायच्या, झाली एरियल तयार. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हाही ती पिशवी आम्हा दोघांच्या मध्ये होती.

त्यांचे नियम मला कुणी शिकवले नाहीत, भांडी घासता घासता कानावर पडले. माइकचं बटण अंगठ्यानं दाबून बोलायचं. दाबलेलं असेल तोवर समोरचं काही ऐकू येत नाही. बोलून झालं की अंगठा उचलायचा आणि वाट बघायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे समोरून कुणी हाक मारली तर आधी विचारायचं, कोण बोलतंय? नाव सांगत नाही त्याच्याशी बोलायचं नाही. यात हे फार कडक. एकदा कुणी नुसताच हॅलो हॅलो करत होता, तर हे सेट बंद करून जेवायला बसले होते.

घाट चढून वर आलो तर धुकं. संध्याकाळ व्हायला आली होती. यांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, इथे विजेच्या तारा नाहीत, खरखर अजिबात नसणार, अर्धा तास फक्त. मी म्हटलं, लेकरू दमलंय. म्हणाले, मग झोपव की.

ती काही झोपली नाही. रस्त्याच्या कडेला दगडी कठडा होता, त्याच्या पायाशी चादर टाकून तिला बसवलं. ती गवत उपटत गुणगुणत बसली. सेट कठड्यावर ठेवला, काठी उलगडली, आणि मग यांच्या लक्षात आलं की काठी बांधायचा पट्टा घरीच राहिला.

"धर जरा," म्हणाले.

मी धरली. काठी गार आणि ओलसर होती, वरचं टोक धुक्यात दिसत नव्हतं. सेटमधून फुसफुस येत होती, लांब कुठेतरी तेलात काही तळावं तशी. मी काठी धरल्याबरोबर ती फुसफुस एकदम बसली. अशा शांततेला आपण चांगलं म्हणतो. मला ते मागे कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं.

"अशीच उभी राहा," हे म्हणाले. "हलू नकोस. तुझ्या हातानं किती छान लागतंय बघ."

लग्नाला चार वर्षं होत आली होती. माझं काही छान म्हणाले ते हेच.

मग जमिनीवरची एक तार झुडपात अडकली, ती सोडवायला हे उताराकडे गेले. चार पावलांत दिसेनासे झाले. तार ओढल्याचा आवाज तेवढा येत होता, मग तोही येईना. ओल्या मातीचा वास येत होता, आणि त्यात एक जळकट वास, दुकानात एखादी मोटार तापली की येतो तसा. मी सेटला हात लावून बघितला. तो थंड होता.

तेव्हा आवाज आला.

"आई..."

मी आधी खाली बघितलं. भुंगी गवताची काडी दातात धरून गुणगुणत होती. आवाज सेटमधून आला होता. लहान मुलीचा, तिच्याच वयाचा, पण शब्द स्वच्छ.

"आई... ऐकू येतंय का?"

आता तुम्ही म्हणाल, नियम ठाऊक होता ना? होता. दुसऱ्या कुणाचं पोर, दुसऱ्या कुणाला हाक मारत असेल, हेही मनात आलं. पण अडीच वर्षं जिचे कान त्या एका शब्दाला आसुसलेत, तिनं आधी नाव-गाव विचारायचं? मी एका हातानं काठी धरली होती. दुसऱ्या हातानं माइक घेतला आणि बटण दाबलं.

"ओ, बाळा. मी इथंच आहे."

अंगठा उचलला. फुसफुस. मग अगदी जवळून, जणू कठड्याच्या पलीकडून...

"मी तिकडे येऊ?"

"ये," मी म्हटलं.

पायाशी चाललेली गुणगुण तुटली. वर चढली होती, दम घेतला होता, खाली उतरायची राहिली. मी वाकून बघितलं. लेक माझ्याकडे तोंड वर करून बघत होती. डोळे तेच, गालावरचं गवताचं पातं तेच. उजव्या हाताचा अंगठा तिनं तळव्यात घट्ट दाबला होता.

"आई," ती म्हणाली. आणि अंगठा उचलला.

मी काठी टाकून दिली. हे धावत वर आले ते काठी पडली म्हणून. मग तिनं त्यांना बाबा म्हटलं, आणि ते तिथेच ओल्या रस्त्यावर बसले. तिला उचलून घेतलं. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. मीही रडले. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी माझ्याएवढं सुखी कुणी नसेल.

त्यानंतर ती बोलतच राहिली. पाणी दे. चप्पल कुठे आहे. दार लाव. बोबडं काहीच नाही, मोठ्या माणसासारखं सरळ. बोलताना अंगठा तळव्यात दाबायची, बोलून झालं की उचलायची आणि थांबायची. दाबलेला असताना आपण काही म्हटलं तर तिला ऐकूच यायचं नाही. सासूबाई हसून लोटपोट व्हायच्या. बापाची नक्कल करते बघा म्हणायच्या, आणि मला म्हणायच्या, उगाच डॉक्टर डॉक्टर करत होतीस, तुझ्या काळजीनंच पोर मुकं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर अभिनंदन केलं.

ती आता भुंगी राहिली नव्हती. भूक लागली की भूक लागली म्हणायची. झोपताना माझी वेणी तिच्या मुठीत दिली तर हात मागे घ्यायची, हे कशाला म्हणून विचारायची. डोळे मिटायची आणि झोपायची, आवाज न करता. श्वासाचासुद्धा आवाज नाही. मी नाकाखाली बोट धरून बघायची.

एका संध्याकाळी सगळ्या गल्लीची वीज गेली. वीज गेली की रेडिओची खरखर जाते आणि लांबचं ऐकू येतं, म्हणून हे अशा वेळी हटकून सेट लावायचे. बॅटरीवर चालतो तो. काठी गॅलरीतून बाहेर काढली, काटा फिरवला. मी कंदिलाची काच पुसत होते. फुसफुशीच्या तळातून एक आवाज आला. बारीक, नाकातून. वर चढला. दम घेतला. खाली उतरला.

काच माझ्या हातून पडली.

"अहो... ही भुंगी आहे."

"कुठलीतरी मोटार असेल, बेअरिंग गेलेली."

मी म्हटलं, सगळीकडे वीज गेली आहे, मोटार कुठली चालेल? म्हणाले, लांबची असेल. मी म्हटलं, मोटार मध्ये दम घेते का हो? तेव्हा हे माझ्याकडे असं बघायला लागले, जसं दुकानात दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या पंख्याकडे बघतात.

"लेक बोलत नव्हती तेव्हा रडत होतीस. आता बोलते तरी रडतेस. तुला नेमकं हवंय काय?"

आत अंथरुणावर एक मूल निजलेलं होतं, माझ्याच पोटचं, माझ्याच हातचं खाऊन वाढलेलं. त्याला सोडून मी रेडिओतल्या आवाजाला माझं म्हणू? आणि नाही म्हणू तर त्या धुक्यात, त्या कठड्यापाशी, संध्याकाळ झाली की कोण भुकेजून गुणगुणतंय?

मला परत त्या घाटात न्या, असं मी किती वेळा म्हटलं. यांनी नेलं नाही. मीच तेवढी वीज जायची वाट बघायला लागले. कधी आवाज यायचा, कधी नाही. दर वेळी आधीपेक्षा बारीक.

परवा यांनी सांगितलं, सेट एका मित्राला देऊन टाकतो. त्या काठीपायी तुझं डोकं फिरायची वेळ आली. आणि आता मला परक्या माणसांशी बोलून काय करायचंय, घरात बोलणारी आहे. हे बोलताना त्यांनी तिला मांडीवर घेतलं होतं. चार वर्षं मी मनातल्या मनात त्या पिशवीला शिव्या घातल्या, ती एकदाची घरातून जाऊ दे म्हटलं. आता पदर पसरून म्हटलं, एवढी राहू द्या. ते ऐकेनात. उद्या सकाळी तो मित्र येऊन घेऊन जाणार आहे.

म्हणून आज दिवस मावळता वीज गेली तेव्हा मी कुणाला न विचारता पिशवी उघडली. हे दुकानातून यायचे होते, सासूबाई शेजारी गेल्या होत्या, ही झोपली होती. काठी गॅलरीतून बाहेर काढली आणि हातात धरूनच बसले. त्या दिवशीसारखी फुसफुस एकदम बसली.

आली. अगदी क्षीण. वर चढताना मध्येच तुटत होती. पोर रडून रडून थकलं की आवाज जसा होतो, तसा. मी बटण दाबलं. शब्द बोलायची मला भीती वाटली, म्हणून मी तिच्यासारखीच गुणगुणले. वर, मग दम, मग खाली. अंगठा उचलला.

तिकडे शांत झालं. मग एक बाई बोलली.

"ओ, बाळा. मी इथंच आहे."

आवाज माझा होता. शब्दही माझेच. पण मी तोंड मिटून बसले होते.

त्यानंतर तिकडे गुणगुण पुन्हा सुरू झाली. अगदी सावकाश, झोपेला आलेली. कुणाची तरी वेणी मुठीत धरून असावी तशी.

मी सेट बंद केला, काठी मिटवून पिशवीत घातली. उद्या जाऊ दे. तिथं तिला घेऊन कुणीतरी बसलंय, हे बरं की वाईट, मला सांगता येत नाही. ती जी कुणी आहे तिला माझा आवाज कुठून मिळाला, आणि तो तिच्याकडे असेल तर माझ्याकडे काय उरलंय, हा विचार मी करत नाही.

हे सांगता सांगता ही उठून दारात आली आहे. कंदिलाच्या उजेडात तिचे ओठ हलताना मला दिसतात. बोलून झालं, तिनं अंगठा उचलला, आता ती माझ्याकडे बघत थांबली आहे. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

मी माझ्या हाताकडे बघितलं. माइक तर मी केव्हाच पिशवीत ठेवला. अंगठा मात्र तळव्यात रुतला आहे... कधी दाबला, आठवत नाही.