ओळखलंत का?

बुधवारी रात्री एक वाजून वीस मिनिटांनी आमच्या क्रेनवाल्याचा फोन वाजला. त्यात नवल काही नाही. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणं हाच त्याचा धंदा, आणि गाड्या बंद पडतात त्या नेमक्या अवेळीच. त्यानं तोंडावर पाणी मारलं, बायकोला म्हणाला, "तू झोप, येतो दोनेक तासांत," आणि क्रेन बाहेर काढली. फोन लष्कराच्या छावणीतून होता. माळावरून एक वस्तू उचलायची आणि चौदा किलोमीटरवरच्या छावणीत गोदामात नेऊन ठेवायची. उचलायची फक्त. बघायची नाही.

हो, तसलीच वस्तू. आत्ता फोनवर तुम्ही सगळे डोकं खुपसून बघत होतात ना? आकाशात दिवा दिसला, लष्करानं पाडला, आणि खाली हजार लोकांनी अक्कल पाजळली. ठेवा तो फोन. आणि हसू नका, माझं डोकं आधीच फिरलंय. क्रेनवाला माझा चाळीस वर्षांचा दोस्त. त्यानं स्वतःच्या तोंडानं मला हे सांगितलं, आणि थापा मारायला जेवढं डोकं लागतं तेवढं त्याला नाही.

तर त्याच्या आधीच्या सोमवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी माळाच्या बाजूला मोठा आवाज झाला. खिडक्या थरथरल्या. मंगळवारी सकाळी लष्करानं जाहीर केलं, एक अनोळखी उडती वस्तू पाडली आहे. वायरलेसवरून तीन वेळा ओळख विचारली, उत्तर आलं नाही. वस्तू मानवरहित होती. लोकांनी तर्क लढवू नयेत.

एवढं सांगितल्यावर लोक गप्प बसतात होय? न्हाव्याच्या दुकानात परग्रहावरची माणसं उतरली. बँकेच्या रांगेत शत्रूचं हेरगिरीचं यान उतरलं. माझ्या मेव्हण्याला हिरवा प्रकाश दिसला होता म्हणे. सोमवारी नऊ वाजता तो घोरत पडला होता, हे बहिणीनं मला नंतर सांगितलं. मी तरी कुठं कमी? मी म्हटलं, हवामान खात्याचा फुगा असणार. मोठ्या रुबाबात म्हटलं. कॅमेरेवाले आले, जो दिसेल त्याला विचारू लागले, तुम्हाला काय वाटतं? आणि ज्याला त्याला काहीतरी वाटत होतंच.

एका बाईला वाटत नव्हतं. तिला ठाऊक होतं. तिला कुणी विचारलं नाही.

तिचा नवरा पंख्याच्या, पंपाच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करून द्यायचा. सगळे त्याला पायलट म्हणायचे, चिडवायला. आठ वर्षं खपून त्यानं स्कूटरचं इंजिन, एक मोठा पंखा आणि पॅराशूट जोडून उडायची खुर्ची बनवली होती. दिवसा उडवायला गेला की लोक दात काढायचे. म्हणून तो अंधार पडल्यावर जायचा, कुणाला धडकू नये म्हणून खुर्चीला दिव्यांची माळ लावून. आणि त्याला म्हणे वायरलेसवर तीन वेळा विचारलं! अरे, पण त्या माणसाकडे वायरलेस होता कुठं? घरी रेडिओसुद्धा दुसऱ्याचा, दुरुस्तीला आलेला.

मंगळवारी दुपारी ती क्रेनवाल्याकडे आली. पोलिसांनी तिला सांगितलं होतं, नवरा पळून गेला असेल, येईल चार दिवसांनी. छावणीच्या फाटकावर सांगितलं, घरी जा. ती म्हणाली, "भाऊ, ते उचलायला तुम्हालाच बोलावतील. दुसरी क्रेन आहे कुठं इथं? एकदा आत बघा. आत माणूस असेल तर मला येऊन सांगा. बाकी काही नको मला."

क्रेनवाला म्हणाला, "बघतो."

हे आपलं 'बघतो'. समोरच्याला 'नाही' म्हणायची छाती नसली की 'बघतो' म्हणायचं आणि वाटेला लावायचं. ती बिचारी खरं समजून गेली.

माळावर चार शिपाई आणि एक अधिकारी होता. वस्तू ताडपत्रीत गुंडाळून दोरानं आवळली होती. अधिकारी म्हणाला, "ताडपत्रीला हात लावायचा नाही. गाडीचा परवाना टिकवायचाय ना?" क्रेनवाल्यानं मान हलवली. हुक अडकवला, वस्तू उचलून मागच्या फळीवर ठेवली. वाऱ्यानं ताडपत्रीची एक कड उघडली होती. पाच पावलं गेला असता तर दिसलं असतं. नाही गेला. खाली वाकून टायरमधली हवा तपासत बसला, टायर काल भरलेले असताना.

मग केबिनपाशी आला, आणि तिथं चुकला.

त्याच्या धंद्यात एक रीत आहे. गाडी ओढून न्यायची असली की गाडीचा मालक क्रेनवाल्याच्या शेजारी बसतो. वीस वर्षं हा रोज तेच करत आला. गाडी चढवायची, शेजारचं दार उघडायचं, मालकाला म्हणायचं, "या, बसा." त्या रात्री हात आपोआप गेला. दार उघडलं. समोर कुणी नव्हतं. आणि याच्या तोंडून निघून गेलं, "या, बसा."

स्वतःशीच जरा हसला. दार लावलं, वळसा घालून आपल्या जागेवर चढला. पुढं लष्कराची जीप निघाली, तिच्यामागं हा.

पहिले दोन किलोमीटर काही नाही.

मग वास आला. मोटार जळते तेव्हा तिच्या तारेचं वार्निश जळतं, त्याचा. याला वाटलं, आपलीच वायर गेली. पण वास शेजारून येत होता. सीटची स्प्रिंग करकरली. यानं मान वळवली नाही.

"ओळखलंत का?"

हळू आवाज. जरासा ओशाळलेला.

आता मला सांगा, असं कुणी विचारलं की आपण काय म्हणतो? ओळखलं नसलं तरी?

"हो हो, ओळखलं की," आमची पुतणी म्हणाली. ती मघापासून उशी पोटाशी धरून बसली होती.

तेच. तेच म्हणाला तो. "हो हो... ओळखलं की."

"मग सांगा."

यानं गिअर बदलला.

"सांगा ना. कोण मी?"

याला नाव ठाऊक होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. घरातल्या पंख्यावर त्या माणसाच्या दुकानाचं स्टिकर होतं, रोज जेवताना डोळ्यांसमोर. नाव जिभेवर आलं. जीभ हलेना. समोर जीप. जीपच्या आरशात अधिकाऱ्याचे डोळे. बारा किलोमीटर असंच. केबिनमध्ये दोघांचा श्वास. एकाचा जड.

फाटक आलं.

शिपाई टॉर्च घेऊन पुढं झाला. उजेड क्रेनवाल्याच्या तोंडावर मारला. मग शेजारच्या सीटवर. तिथं उजेड थांबला. बराच वेळ थांबला.

"किती जण?"

यानं काच आणखी खाली केली.

"किती जण आहात आत?"

शेजारचा श्वास थांबला. वाट बघत.

"एकटाच," क्रेनवाला म्हणाला.

रडणं नाही. ओरडणं नाही. शेजारून फक्त एक आवाज आला.

खट्ट.

वस्तू गोदामात उतरली. यानं मान न वळवता क्रेन घरी आणली, अंगणात सोडली आणि आत जाऊन कडी लावून घेतली. सकाळी ती आलीच. "बघितलंत, भाऊ?" हा तिच्या चपलांकडे बघत म्हणाला, "बघितलं वहिनी. वस्तूच होती. माणूस नव्हता." ती परत गेली.

हे त्यानं मला सांगितलं ते महिन्याभरानं. मन खात होतं म्हणून नव्हे, क्रेनचा धंदा बसला होता म्हणून. शेजारी कुणी बसायलाच तयार नव्हतं. मी त्याला काय काय म्हणालो ते तुमच्यापुढं सांगत नाही. चाळीस वर्षांत त्याच्यावर हात उगारला नव्हता, त्या दिवशी उगारला. मग स्वतःचीच लाज वाटली. फुगा असणार असं म्हणणारा मीच की. लोकांना तोवर दुसरा विषय मिळाला होता. कॅमेरेवाले केव्हाच गेले होते. फाटकावर ती एकटी उभी राहायची.

मी जाऊन तिला घेऊन आलो. क्रेनवाल्यानं खाली मान घालून केबिनचं दार उघडलं.

शेजारच्या सीटचा पट्टा लागलेला होता. त्या रात्रीपासून तो सुटत नव्हता. गॅरेजवाल्यानं बटण दाबून बघितलं, पकड लावून बघितली, मग हात झटकून निघून गेला. मीसुद्धा ओढला. पट्टा सीटला टेकलेला नव्हता. सीटपासून वीतभर पुढं, ताणलेला. मध्ये काही नाही. नुसती हवा.

ती वर चढली. पोराला ताप आहे का बघतात ना, तसा उलटा हात तिनं त्या मधल्या जागेत ठेवला. ठेवूनच राहिली.

"वहिनी," क्रेनवाला म्हणाला, "मी... ओळखलं होतं."

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. "अंग गरम आहे यांचं," ती म्हणाली. "आणि महिनाभर तुम्ही यांना इथं एकटं बसवून ठेवलंत?"

क्रेनवाला घरातून चाकू घेऊन आला, पट्टा कापायला. तिनं त्याच्या हातातून काढून घेतला.

"कापायचा नाही. पाडलं ज्यांनी, त्यांनी इथं यावं, नाव घ्यावं, आणि उतरवून घ्यावं."

याला सहा वर्षं झाली. गोदामातली वस्तू अजून अनोळखी आहे, आणि अजून कुणी आलेलं नाही. गेल्या रविवारी मी जाऊन आलो. थंडी मरणाची होती, क्रेनच्या काचेवर दव साचलं होतं. पट्टा तसाच आहे. मी उलटा हात आत ठेवून बघितला.

गरम आहे.