पाठीमागचे दोन थर

गाडीचं अख्खं दार तिने एका हातात धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने ती कारखान्याची कडी काढत होती. एवढ्यात एक लांबलचक तरुण धावत आला.

"अहो थांबा, जड आहे, मी घेतो."

त्याने सगळा जोर लावून दार उचललं. जोर वाया गेला आणि तो दारासकट मागच्या मागे चिखलात बसला.

"लागलं का?" तिने विचारलं.

"नाही… मला नाही."

"मी दाराला विचारलं."

तो हसला. शर्यतीच्या गाडीचा हा नवा चालक. त्याला सगळे लांबू म्हणत. दार त्याच्याच गाडीचं होतं.

"हे आहे तरी कशाचं? कागदाचं?"

"कापडाचं," ती म्हणाली, आणि तिने त्याला आत नेऊन दाखवलं. कार्बनच्या काळ्या धाग्यांचं कापड चिकट राळेत भिजवून साच्यात थरावर थर लावायचं, मग भट्टीत भाजायचं. लोखंडापेक्षा कितीतरी हलकं, पण वाकायचं नाव नाही. जड गाडीला पळायला वेळ लागतो, थांबायलाही लागतो, आणि वळणावर ती रुसलेल्या माणसासारखी ओढून न्यावी लागते. म्हणून त्या गाडीची लोखंडी दारं गेली होती, काचांच्या जागी प्लास्टिक आलं होतं. शेवटी राहिली होती ती त्याची बैठक.

बैठक अंगाच्या मापाची लागते. मऊ मण्यांनी भरलेल्या पिशवीवर चालकाला बसवायचं आणि पिशवीतली हवा ओढून घ्यायची. पाठीचा आकार तसाच घट्ट राहतो. त्यावरून साचा करायचा.

"हलू नका," ती म्हणाली.

"श्वास घेऊ?"

"थोडा."

"सगळं हलकं केलंत. आता गाडीत मीच तेवढा जड उरलोय."

"तुम्हाला भोकं पाडून हलकं करता येत नाही, नाहीतर…"

"नाहीतर काय?"

"बोलू नका. पाठ हलते."

पुढे तो काही ना काही निमित्त काढून रोज येऊ लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. कारखाना तिच्या काकांचा. ते चष्म्यावरून बघत आणि मुद्दाम भट्टीकडे निघून जात.

साचा तयार झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं, त्याचा डावा खांदा किंचित खाली होता.

"जुना अपघात," तो सहज म्हणाला. "गाडी उलटली होती."

त्या दिवशी कापड लावताना तिचा हात थांबेना. ठरलेले थर झाले, तरी डाव्या खांद्यामागे तिने आणखी एक थर लावला. मग त्यावर दुसरा. कुणाला सांगितलं नाही.

गाडी काट्यावर चढली आणि ठरल्यापेक्षा जड भरली. सगळे भाग तर मापात होते, असं सगळ्यांना वाटत होतं. शर्यतीच्या संघाचे प्रमुख लांबूकडे वळले. "तू तरी वजनात उतर. नाहीतर बारक्या चालकाला बसवतो."

तो उतरू लागला. आधी नाश्ता बंद झाला, मग रात्रीचं जेवण. गाल बसले. कारखान्याच्या पायरीवर बोलता बोलता एकदा तो भिंत धरून खाली बसला.

"काही नाही… जरा डोळ्यांपुढे अंधारी आली."

तिने त्याला पाणी दिलं. ज्याला जपायला तिने ते थर लावले, त्याचंच वजन तेवढं उतरत होतं.

"तू जड नाहीस," ती म्हणाली. "बैठक जड आहे. मी केलीय… मला भीती वाटली म्हणून."

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "वेडी आहेस. मी उपाशी मेलो असतो की."

"नवी करते. तू आधी जेव."

काका म्हणाले, "मी करतो ही बैठक, बाळ." तिने नकारार्थी मान हलवली. नवी बैठक तिनेच केली. नकाशात होते तेवढेच थर, एकही जास्त नाही. प्रत्येक थराला तिला हात मागे घ्यावा लागला.

गाडी मापात भरली. लांबूची जागा टिकली. संघ वर्षभरासाठी परदेशी शर्यतींना निघाला, तेव्हा तो तिच्यासमोर उभा राहिला.

"चल माझ्याबरोबर. संघाला तुझ्यासारखं माणूस हवंय. आणि मला तर…"

"माहीत आहे," ती म्हणाली. "मलाही तू हवा आहेस. म्हणूनच नाही येत."

"हे कुठलं गणित?"

"तुझ्या गाडीला हात लावला, की मी परत एक थर वाढवीन. आणि तू मला कळू न देता उपाशी राहशील."

त्याला हसू आलं, पण टिकलं नाही. "मी शर्यत सोडू?"

"सोडशील. मग रोज माझ्याकडे बघून मनात काय म्हणशील, ते मला ऐकायचं नाही."

त्याने तिचा हात हातात घेतला. राळेने तिची बोटं खरखरीत झाली होती. त्याने ती एकेक करून मिटली.

"अजून भीती वाटते?"

"वाटते. पण आता ती माझ्याजवळ आहे. गाडीत नाही."

बाहेर हॉर्न वाजला. तो गेला. काकांनी तिच्यासाठी स्टूल ओढलं, ती बसली, आणि काका आज भट्टीकडे गेले नाहीत.