डाव्या मागच्या चाकाचे नट

उद्या तुम्ही दोघं टायर बदलून डोंगरापलीकडे निघालात ना, म्हणून सांगतो. चहा घ्या आणि ऐका. मधे हसू नका, कारण तोमिझो हसण्यावारी नेण्यासारखा माणूस नव्हता. मी आणि तो बावीस वर्षं एका गॅरेजात होतो. जे सांगतोय ते त्याने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, आणि सांगताना तो हातातला पाना बाकावर आपटत होता. भीतीने नाही. रागाने.

एकोणतीस नोव्हेंबर, शुक्रवार. इथे उत्तर जपानात, आपल्या नोशिरोला, त्या दिवसांत साडेचारलाच काळोख होतो. पाच वाजता तोमिझोला हागाचा फोन आला. हागा जुन्या गाड्या विकायचा, समुद्राकडच्या रस्त्यावर त्याचं गाड्या लावायचं अंगण होतं. म्हणाला, एक पांढरी छोटी गाडी आहे, सकाळी गिऱ्हाईक येतंय, बर्फाचे, हिवाळ्यात न घसरणारे टायर चढवायचेत आणि नट निघत नाहीत. तोमिझोला तो माणूस मुळीच आवडायचा नाही. पण काम ते काम. तो गेला.

अंगणात कोणी नव्हतं. हागा प्यायला गेला होता. ऑफिसच्या पायरीवर एक डबा ठेवलेला, त्यात दहा गाड्यांचे नट एकत्र. त्यावर चिठ्ठी, ‘यातले वापर.’ तोमिझोला तिथेच संताप आला.

तीन चाकं निघाली. खाऱ्या वाऱ्याने गंज धरला होता, पण तेल मारून थांबलं, आधी जरा आवळून मग उलटा जोर दिला की सुटत होती. राहिलं डावं मागचं.

चार नट. त्याने तेल मारलं. थांबला. पान्याला लोखंडी नळी जोडली आणि अंगाचा सगळा भार टाकला. पहिला नट पाव फेरा फिरला. पाना काढून पुन्हा लावेपर्यंत... नट परत जागच्या जागी.

त्याने खडूने रेघ मारली, नटापासून चाकापर्यंत. पुन्हा पाव फेरा. रेघ तुटली. श्वास घ्यायला मान वळवली आणि परत पाहिलं, तर रेघ सलग.

तोमिझो शिव्या देत उठला, गाडीभोवती फिरला, खाली वाकून बघितलं. कोणी नाही. मग तो चिडला. त्याने नळीवर पायच दिला. आणि नळी वर आली, पोरांनो. त्याच्या वजनासकट. हळूहळू. नळी सटकली, गाडीच्या कडेवर आदळली, रंगाचा पोपडा उडाला.

पांढऱ्याखाली निळा.

तो फिकट निळा रंग गावात सगळ्यांना ठाऊक होता. फेब्रुवारीत वर्तमानपत्रात फोटो आला होता. शाळेत मुलांचं जेवण करणारी ओरिकासा मिए, चौतीस वर्षांची, काम आटपून कडेकडेने घरी चालली होती. समोरून येणाऱ्या निळ्या गाडीचं डावं मागचं चाक निखळलं आणि सरळ तिच्या अंगावर आलं; ती तिथेच गेली. गाडी आठवड्यापूर्वी हागाकडून घेतलेली. हागा म्हणाला, नव्या मालकानेच टायर बदलले असतील, मला काय माहीत. नट बर्फात गेले ते मिळालेच नाहीत. प्रकरण मिटलं. हागाने तिच्या आईकडे फळांची टोपली पाठवली. टोपली! आणि तीच गाडी स्वस्तात परत घेऊन, रंगवून, पुन्हा विकायला काढली.

तोमिझो चाकासमोर गुडघ्यांवर बसला. वारा पडला होता.

मग चाकाच्या आतून, अगदी जवळून, बाईचा आवाज आला.

“घट्ट आहे ना?”

त्याने पान्यावरची मूठ आवळली.

“घट्ट... आहे ना?”

आता आवाजात चीड होती. नट कुरकुरला. एक. दुसरा. आवळले जात होते. बोल्ट तुटतील इतके.

तोमिझोने बॅटरी जवळ नेली. नट नीट पाहिले. आणि त्याची भीती गेली, म्हणाला, कारण रागाला जागा हवी होती. चाकाच्या भोकाचा काठ उतरता आणि नटांचं बूड गोल. दुसऱ्या जातीच्या चाकाचे नट. त्याच डब्यातले. आटे जुळतात, पण नुसती कड टेकते, बसत काहीच नाही. सुटणारच.

त्याने चाकावर हात ठेवला.

“मिएबाई, तू कितीही आवळ, हे सुटणार. नटच चुकीचे आहेत. मला काढू दे. मी बरोबर बसवून देतो.”

काही नाही.

नटांची कुरकुर थांबली.

मग त्याने बोटांनी नट धरला. फिरला. चारही नट हाताने निघाले.

डब्याला त्याने हात लावला नाही. स्वतःच्या व्हॅनमधून नवे आणले, आट्यांचं माप तेच, बूड उतरतं, भोकात बसवून पाहिले. बर्फाचे टायर चढवले, चारही चाकांना मिळून सोळा नट. आधी हाताने, मग समोरासमोरचे, मग जोर मोजणाऱ्या पान्याने. टक्. टक्. टक्. शेवटच्या नटाला त्याच्या मुठीवर आणखी एक मूठ होती. गार. टक् झालं, आणि ती उचलली गेली.

तिथूनच त्याने हागाला फोन लावला. मागे हसण्याखिदळण्याचा आवाज. हागा म्हणाला, “नट म्हणजे नट, तोमिझो. आटे लागले की झालं.”

“हे तिच्या आईसमोर म्हण,” तोमिझो म्हणाला आणि फोन ठेवला.

रात्री पहिला बर्फ पडला. सकाळी सातला तोमिझो पोलिसाला घेऊन गेला, ते चार नट आणि डबा त्याच्या हवाली केले. हागाचं दुकान पुढे बंद झालं, खटला चालला, ते सगळं गावाला माहीत आहे. एक गोष्ट मात्र पोलिसाने कागदावर घेतली नाही.

अंगणभर घोट्यापर्यंत बर्फ. फाटकापासून आत एकाही पावलाचा ठसा नाही. पण रांगेतल्या प्रत्येक गाडीच्या प्रत्येक चाकापाशी बर्फात दोन खळगे होते, शेजारी शेजारी... कोणी तिथे गुडघे टेकून बसावं तसे.

पांढऱ्या गाडीभोवती तेवढा बर्फ सपाट होता.