नऊ वाव पाणी

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात गोजरबाईनं फवारणी पंपाची बॅटरी दस्तगीरच्या टेबलावर धाडकन आदळली, तेव्हा तो बिचारा चहाचा पहिला घोट घेत होता.

"दस्तगीरभाई, ह्याच्यावर पाण्यात जळंल असा दिवा पायजे."

"पाण्यात?"

"पाण्यात म्हंजे पाण्याच्या खाली. मासळीला."

दस्तगीर म्हणजे तीस वर्षं रेडिओ, मिक्सर, मोटारी आणि आता बल्ब दुरुस्त करत आलेला माणूस. त्यानं कप बाजूला ठेवला. "असले दिवे शहरात तयार भेटतात, बाई. पण लई महाग."

"म्हणून तर तुमच्याकडं आले. न्हाईतर ह्या धुळीत तुमचं तोंड बघायला आले असते काय?"

दस्तगीर हसला. कुठल्याशा रिक्षाच्या सजावटीतून उरलेली दिव्यांची पट्टी त्यानं खोक्यातून काढली. कुठून कापायची, कोणती तार कुठं जोडायची, डाग कसा द्यायचा, सगळं दाखवलं. "करून देत न्हाई. शिकून घ्या. बिघडला की दर वेळी माझ्यापर्यंत यायची तकलीफ काहून?" गोजरबाई बावन्न वर्षांची. तिनं डाग देताना दोनदा बोट भाजून घेतलं, दस्तगीरला एकदा शिवी हासडली आणि संध्याकाळपर्यंत दिवा जोडायला शिकून घरी आली.

आता ही उठाठेव कशासाठी, तर नावासाठी. सिद्धेश्वर धरणाच्या काठावरच्या त्या भोयांच्या वस्तीत मच्छीमार सोसायटीच्या रजिस्टरात आजवर बाईचं नाव लागलं नव्हतं. नवरा लखमा काविळीनं गेला, मूलबाळ नाही. गोजरबाई सोसायटीत जाऊन बसली आणि नाव लावल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. चार दिवस बसली. पाचव्या दिवशी नाव लागलं. पण दर पाडव्याला पाणी वाटून घ्यायच्या चिठ्ठ्या निघतात, त्यात तिला निघालं काळं पाणी. डोंगराच्या पायथ्याचा तो तुकडा इतका खोल, की मासळी जाळ्यापर्यंत वर येतच नाही. आणि सोसायटीचा जुना नियम असा, की सलग आठ रात्री कुणाची होडी त्याच्या पाण्यात उतरली नाही, तर नाव कटलं. नियम चेअरमन विश्वंभरनं काही तिच्यासाठी केला नव्हता. फक्त तिला तो दोनदा वाचून दाखवला.

म्हणून मग दिवे. मासळी वर येत नाही ना, उजेड दाखवून आणू. रुंद तोंडाच्या लोणच्याच्या बरण्या घेतल्या, झाकणाला भोक पाडून तार आत घेतली, भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर नळवाले लावतात ती पुट्टी थापली. पहिल्या दिव्यात पाणी शिरलं. दुसऱ्यातही शिरलं. तिसऱ्या वेळी ती चिडली आणि बरणी गळ्यापर्यंत गोड्या तेलानं भरून टाकली. आत जागाच नाही तर पाणी शिरणार कुठं? दिवा जळला. तेलातून उजेड जरा पिवळट पडायचा, एवढंच. तळाला दगड बांधला, तारेसोबत दोरी जोडली आणि दोरीला वावा-वावावर गाठी मारल्या. दोन्ही हात ताणले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. लखमाच्या दोऱ्या घरात पडल्या होत्या, पण त्याचा वाव वीतभर जास्त, तिला हिशेब जमेना. तिनं आपल्या हातांनी नव्या मोजल्या. असे सहा दिवे झाले.

पहिल्याच रात्री कमाल झाली. दिवे दोन वाव खाली सोडले आणि ती बिडी ओढत बसली. आधी किडे जमले, मग झिंगे, मग बारीक मासळी चांदीच्या भुग्यासारखी भिरभिरायला लागली. अर्ध्या रात्री खालून कटला मासे आले. एकेक असा, की दोन्ही हातांनी उचलावा. सकाळी तिची धाकटी जाऊ कमलबाई ते टोपलं घेऊन बाजारात बसली आणि गिऱ्हाइकाशी असं बोलायला लागली, जसं काही धरण तिनंच बांधलंय.

विश्वंभर काठावर आला. "वहिनी, दिवे लावून मासळी धरायची पद्धत आपल्यात न्हाई."

"बाईचं नाव लावायची तरी कुठं व्हती?" गोजरबाई म्हणाली आणि जाळं झटकलं. त्याच्या धोतरावर पाणी उडालं. मुद्दामच उडवलं होतं.

पाचव्या रात्री तिला खाली सातवा दिवा दिसला.

बरोबर होडीच्या खाली, खूप खोल. तिला वाटलं, आपल्याच एखाद्या दिव्याची सावली पडली असंल. बाई डोक्यानं पक्की. तिनं बॅटरीची तार काढली. सहाही दिवे विझले. अंधारात ती वाकून बघत राहिली. खालचा दिवा जळत होता. तसाच पिवळट, तेलातून येतो तसा.

"कोण रे मेल्या?" ती ओरडली. कुणीतरी तिची नक्कल करून दिवे सोडतंय, अशी तिची खात्री झाली. पण पाण्यावर दुसरी होडी नव्हती. तिनं रिकाम्या दोरीला पांढरा दगड बांधला आणि खाली सोडला. दगड उजेडाच्या शेजारून गेला तेव्हा मोजलं. आठ वाव. तळ नऊ वावांवर, ते तिनं पाडव्यालाच मोजून ठेवलं होतं.

पुढच्या रात्री तिनं होडी तिथून लांब, पार डोंगराच्या दुसऱ्या अंगाला लावली. दिवा होडीखालीच. सात वाव.

मासळी त्याच्याकडं जात नव्हती. तिच्या सहा दिव्यांभोवती झुंबड, आणि त्या एकाभोवती मात्र अंगणभर जागा मोकळी. एक झिंगा नाही, एक किडा नाही. पाणी इतकं स्वच्छ, की जणू कुणी आत्ताच झाडून गेलंय.

बाजाराच्या दिवशी तिनं हे दस्तगीरला सांगितलं. भीती वाटली म्हणून नाही हां, जोडणीत काही चुकलं का ते विचारायला. दस्तगीरनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"तार न्हाई म्हंता?"

"वर येणारी तर न्हाई दिसली."

"आणि मासळी येत न्हाई त्याच्यापाशी."

"न्हाई."

"मग तो लावलाय कुणासाठी?"

गोजरबाईला त्याचा राग आला. "माझ्या पाण्यात कुणी लावला, ते मी बघून घेते," म्हणाली आणि पट्टीचं नवं भेंडोळं घेऊन निघाली.

त्या रात्री तिनं कमलबाईला सोबत नेलं. एकटीचे डोळे दगा देतात, चार डोळे बरे. कमलबाई तशी घाबरट, पण बोलण्याची हौस दांडगी. काठापासून काळ्या पाण्यापर्यंत तिची टकळी चालू होती. होडी थांबली, दिवे लागले, कमलबाईनं खाली बघितलं आणि गप झाली.

"दिसला?"

कमलबाई होडीच्या कडेवर छाती टेकून बघत राहिली. गोजरबाई जाळं सोडायला वळली. होडी एका अंगाला कलली तेव्हा तिनं मागं बघितलं. कमलबाईचा चेहरा पाण्याला टेकला होता. नाक, तोंड आत. डोळे उघडे. बुडबुडा येत नव्हता.

गोजरबाईनं तिची वेणी धरली आणि खस्सकन मागं ओढली. थोबाडीत दिली. एक, दोन.

"मारता काहून, बाई?" कमलबाई दुखावल्या आवाजात म्हणाली. "नुसती बघूनच तर राहिले व्हते."

तिच्या नाकातून पाणी गळत होतं आणि तिला ठसका लागत नव्हता. गोजरबाईनं होडी सरळ काठाला आणली. त्यानंतर रोज संध्याकाळी कमलबाई टोपलं घेऊन धरणाच्या काठी उभी राहू लागली. मासळी घ्यायला आले म्हणायची. मासळी तर सकाळी येते.

गोजरबाईनं एक रात्र नागा केली. दोन केल्या. तिसऱ्या दिवशी विश्वंभर दारावरून जाताना उगाच म्हणाला, "दोन झाल्या, वहिनी." साध्या आवाजात म्हणाला, पण तिच्या अंगाची लाही लाही झाली. चार दिवस सोसायटीत बसून मिळवलेलं नाव. आता पाण्यातल्या कुठल्या दिव्याला भिऊन सोडायचं? भ्यालेली तर ती होतीच. रात्री डोळा लागत नव्हता. पण भीती वेगळी आणि नाव वेगळं.

चौथ्या दिवशी तिनं कमलबाईला घरात घालून बाहेरून कडी लावली, कमरेला कोयता खोचला आणि उजेड असतानाच होडी काढली.

दिवस मावळला. तिनं आपले दिवे सोडलेच नाहीत. अंधारात बसून राहिली.

खालून पिवळं उजाडत आलं. चार वाव. तीन. मग दगड सोडायची गरजच उरली नाही. दिवा पाण्याच्या पाठीपासून हातभर खाली येऊन थांबला.

बघत राहावंसं वाटत होतं. फार वाटत होतं. तिनं डोळे मिटून घेतले, पाण्यात हात घातला आणि धरला.

बरणीच होती. पण तिला झाकण नव्हतं. तोंडच नव्हतं. सगळीकडून गुळगुळीत, कुठं सांधा नाही.

बुडाला दोरी होती.

दोरी खाली गेली होती. ताठ.

गोजरबाईनं बरणी मांडीत दाबून धरली. दोरीला खालून दोन हिसके बसले, हलकेच. दिवा नीट लोंबतोय का, हे बघायला ती स्वतः द्यायची तसे.

"असं व्हय," ती म्हणाली, आणि दोरी ओढायला लागली.

दोरी आली. सहज आली, सोडून दिल्यासारखी. ती हातांवर मोजत होती. पाच वाव. आठ. नऊ वावांवर तळ. दहा झाले. चौदा. वीस. होडीत दोरीचा ढीग झाला आणि ती येतच राहिली.

दोरीला गाठी होत्या. वावा-वावावर मारतात तशाच.

तिनं एक गाठ डाव्या हातात धरली, हात ताणला आणि दुसरी गाठ उजव्या हातानं शोधली. सापडली नाही. दोरीवर खूण धरून पुन्हा हात ताणले. तरी नाही. तिसऱ्यांदा ताणले तेव्हा उजव्या बोटांना गाठ लागली.

तीन वाव. तिनं पुढच्या दोन गाठी मोजल्या. तेवढंच.

खाली ज्यानं दोरी मोजली, त्याचा एक वाव म्हणजे तिचे तीन. मग तिनं कोयता काढला.

"गोजर लखमा म्हंत्यात मला," ती पाण्याला म्हणाली. आवाज फाटला, पण थांबली नाही. "रजिस्टरात नाव हाय. हे पाणी माझं हाय. खालचं तुझं असंल तर असू दे. वर यायचं न्हाई. आणि माझ्या जावंकडं बघायचं न्हाई!"

तिनं होडीच्या कडेवर दोरी कापली.

मांडीतला दिवा विझला. कापलेलं टोक पाण्यात गेलं. बुडालं नाही, ओढून नेल्यासारखं गेलं. थोडं जायचं, थांबायचं, थोडं जायचं. कुणीतरी हात बदलत सावकाश गुंडाळून घेत होतं.

तिनं त्याच अंधारात जाळं सोडलं आणि पहाटेपर्यंत बसून राहिली. पहाटे घरी येऊन कडी काढली. कमलबाई चुलीपुढं बसून खोकत होती, आणि घरभर तिनं ओकून टाकलेलं पाणी होतं. "कोंडलं काहून मला?" म्हणून तिनं जी तोंडाची टकळी सोडली, ती ऐकून गोजरबाई उंबऱ्यावर बसून घळाघळा रडली.

पाडव्याला सोसायटीत सगळे जमले. विश्वंभरनं घसा साफ केला. "वहिनींनी वरीसभर काळं पाणी राखलं. आता त्यांना उथळ पाण्याचा तुकडा द्यावा, असं माझं म्हणणं हाय. चिठ्ठी न टाकता."

"मला न्हाई पायजे. माझं हाय तेच लिहा."

कुणीच हरकत घेतली नाही. विश्वंभरनं रजिस्टर ओढलं. "गोजर लखमा. काळं पाणी. खोली नऊ वाव. बराबर?"

"कुणाच्या वावानं?" गोजरबाई म्हणाली.

मंडळी हसली. ती हसली नाही. तिनं सही केली, एकेक अक्षर सावकाश काढत, आणि सहा दिवे घेऊन होडीकडं गेली. सणाचा स्वयंपाक, सोसायटीतली बोलणी, यात दिवस मावळून गेला होता. काळ्या पाण्यावर पोचेपर्यंत गच्च अंधार पडला. तिनं वल्हं आत घेतलं, बॅटरी मांडली आणि बरण्या ओळीनं काढून ठेवल्या.

मग तिनं खाली बघितलं. खोल तळाशी, होडीच्या दोन्ही अंगांना तीन-तीन, असे सहा दिवे आधीच लावून ठेवलेले होते.

"थांब की जरा," गोजरबाई म्हणाली, "येऊनच राहिले," आणि तिनं पदर कमरेला खोचून पहिली बरणी उचलली.